कप्पेवाल्यांची खिडकी

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे कप्पेवाले म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं नाव घरी पोचायला कितीसा वेळ लागतो? हे पाणीपुरवठा खात्यात बिलांचे कॉम्प्युटर सांभाळतात. एकदा खात्यातल्या कुणाच्या तरी निरोप समारंभाला गेलो, तर एक बाई पुढे येऊन म्हणाली, "तुम्ही कप्पेवाल्यांच्या मिसेस ना?" आणि तिने जीभ चावली. मी म्हटलं, "हो, आणि मलाही एक कप्पा दिलाय, डावीकडून तिसरा." ती खो खो हसली. मला काही हसू आलं नाही, कारण मी फारसं खोटं बोलले नव्हते.

ताटात भाजीचा रस भाताला लागता कामा नये. लागला तर तेवढा भात चमच्याने उचलून बाजूला. स्क्रूंचे डबे वेगळे, त्यातही गंजलेल्यांचा वेगळा. भांडणसुद्धा कप्प्यात! मी एकदा चिडून त्यांच्या वेंधळेपणापासून सुरुवात करून माझ्या भावाच्या लग्नात ते कसे वागले तिथवर पोचले, तर म्हणाले, "थांब. आत्ता आपण गॅस चालू राहिला त्याबद्दल भांडतोय. लग्नाचा विषय वेगळा आहे, तो नंतर घे." अशा माणसाशी भांडून दाखवा तुम्ही. मी हात टेकले, त्यालाही आता किती वर्षं झाली.

घराच्या पुढच्या खोलीत माझं बाइंडिंगचं दुकान आहे. प्रबंध, अहवाल, संस्थांच्या स्मरणिका, फाटकी पुस्तकं, जे येईल ते बांधते. दुकानाच्या मागच्या खोलीत, पुठ्ठ्यांच्या चळतीपलीकडे, ह्यांचं टेबल. ऑफिसातून आले, चहा झाला, की तिथे बसायचे. मी पुढे सरस लावतेय, हे मागे टकटक करतायत, असा आमचा संसार चालला. लोकांचे नवरे संध्याकाळी कुठे कुठे जातात. माझा पुठ्ठ्यांमागे जायचा. मी म्हणायचे, आहे ते बरं आहे.

तर त्या टकटकीतून त्यांनी एक प्रोग्राम केला होता. लिहिलेलं वाक्य घ्यायचं आणि ते तोंडाने म्हणताना कुठे काय उच्चार होईल, कुठे थांबायचं, कुठे चढायचं, हे सगळं खुणांमध्ये मांडून द्यायचं. म्हणजे आवाज नाही हं. गाणं नव्हे, गाण्याचं नोटेशन. त्या खुणा वाचून आवाज काढायचा तो दुसऱ्या कुणीतरी. हे काम त्यांनी अनेक वर्षं केलं आणि मग इंटरनेटवर फुकट ठेवून दिलं! वर एक लायसन्स चिकटवलं. मला मोठ्या कौतुकाने समजावून सांगितलं होतं: घ्या, वापरा, विका, माझं काही म्हणणं नाही, पण माझं काम तुमच्या कामात मिसळून दोन्हींचं मिळून एक काम केलंत, तर ते सगळंच्या सगळं तुम्हीही माझ्यासारखं उघडं ठेवायचं. आणि नुसतं शेजारी ठेवलंत, तर तुमचं तुमच्यापाशी.

"फुकट द्यायचं आणि वर अटी घालायच्या," मी म्हटलं.

"अट नाही गं ती," ते म्हणाले. "सीमा आहे."

घ्या! सीमा. मी पुन्हा सरस ढवळायला लागले.

आता ताईंबद्दल सांगते, कारण हे सगळं ताईंपायीच आहे. ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण. आई लहानपणीच गेली, तेव्हा ह्यांना वाढवलं ते ताईंनी. पुढे लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, राहायला आमच्यापासून लांब, दुसऱ्या गावी. नोकरी बस स्टँडवर, गाड्यांची घोषणा करायची. काय आवाज होता हो! फलाट क्रमांक सांगायच्या तरी वाटायचं, चला, आपलीच गाडी आहे. अख्ख्या स्टँडवर पोरं रडतायत, फेरीवाले ओरडतायत, आणि त्या सगळ्यावरून तो आवाज शांतपणे चालत जायचा. दर रविवारी सकाळी भावाला फोन. पहिलं वाक्य ठरलेलं: "जेवलास का?" सकाळी नऊला! आणि हे आज्ञाधारकपणे, "नाही ताई, अजून वेळ आहे."

त्या ताईंना घशाचा कॅन्सर झाला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. ताईंनी कागदावर सही केली आणि बाहेर येऊन आम्हाला म्हणाल्या, "चला, आता गाड्या चुकायला लागतील लोकांच्या." मला रडू फुटलं, त्यांना नाही.

ह्यांनी शोधून काढलं, की एक कंपनी आहे. ऑपरेशनच्या आधी माणसाकडून ढीगभर वाक्यं वाचून घेते आणि त्यातून त्याचा आवाज घडवते. मग पाटीएवढं एक यंत्र देते. त्यावर टाइप करायचं, की यंत्र तुमच्या आवाजात बोलतं. ताई रोज एका गादी लावलेल्या खोलीत बसून वाक्यं वाचायच्या. घसा दुखायचा, पाणी प्यायच्या, पुन्हा वाचायच्या. ऑपरेशन झालं. टाके सुकले, यंत्र घरी आलं, आणि एका रविवारी सकाळी आमचा फोन वाजला.

"जेवलास का?"

तोच आवाज. किंचित सपाट, पण तोच. फोन मांडीवर ठेवून माणूस लहान पोरासारखा रडला. मीच फोन घेतला आणि म्हटलं, "ताई, अजून वेळ आहे."

आणि गंमत बघा, पुढे ह्यांनी यंत्राच्या माहितीपत्रकातला बारीक मजकूर वाचला (असले मजकूर वाचणारा पृथ्वीवर हा एकच माणूस), तर त्यात ह्यांच्याच प्रोग्रामचं नाव! नोटेशन ह्यांचं, आवाज ताईंचा. त्या दिवशी त्यांनी मला दोनदा चहा करून दिला. एवढा आनंद मी आमच्या लग्नातसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर बघितला नव्हता.

काही महिन्यांनी कंपनीतल्या एका मुलीची ईमेल आली. फार अदबीने लिहिलं होतं. तुमचा प्रोग्राम आमच्या प्रोग्रामच्या पोटात बसवलाय, त्यामुळे एक अडखळला की दुसराही कोसळतो; तुम्ही तो स्वतंत्र चालेल असा करून द्याल का? आता ह्यांना कुणी 'हे वेगळं करून द्या' म्हणावं! स्वर्ग दोन बोटं उरला. सगळा उन्हाळा त्यात गेला. प्रोग्राम त्यांनी पार सोडवून स्वतःच्या पायावर उभा केला आणि दोघांच्या मधे एक खिडकी ठेवली. तिकीटखिडकी असते ना, तशी. इकडून वाक्य सरकवायचं, तिकडून खुणा बाहेर येणार. आत कोण बसलंय ते बाहेरच्याला माहीत नाही, बाहेर कोण उभं आहे ते आतल्याला माहीत नाही. त्या पोरीने भरभरून आभार मानले. आणि कंपनीची नवी आवृत्ती आली तशी ह्यांनी ताईंच्या घरी जाऊन, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, ती ताईंच्या यंत्रात स्वतःच्या हाताने घातली. ताई म्हणाल्या, "आता माझा घसा तू बसवलास." यंत्रातून म्हणाल्या.

मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांना बोलक्या पाट्यांत रस नव्हता. पत्र आलं, की ही सेवा अमुक तारखेपासून बंद. आम्हाला वाटलं, बंद म्हणजे नवीन विकणार नाहीत. आपलं यंत्र आहे की आपल्यापाशी. पण तसं नव्हतं. त्या यंत्रातला आवाजाचा भाग कुलूपबंद होता आणि दर महिन्याला कंपनीच्या कॉम्प्युटरला विचारून मगच उघडायचा. तो कॉम्प्युटरच बंद झाला, की ताई मुक्या. ह्यांनी लिहिलं, फोन केले, विनवण्या केल्या: कुलूप तेवढं काढून द्या, पुढचं मी सांभाळतो. उत्तर आलं, की आवाज घडवण्याचा प्रोग्राम ही आमची मालमत्ता आहे. मी म्हटलं, अहो पण आवाज ताईंचा ना? आवाज ताईंचा, पण त्यातून घडवलेली फाईल कंपनीची. ऑपरेशनच्या आधी ताईंनी तशी सही करून दिली होती. जीव टांगणीला लागलेला माणूस कुठे सही करत नाही?

तेव्हा ह्यांना आपलं लायसन्स आठवलं. आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो. कॉपीराइटच्या खटल्यांतल्याच होत्या, बोलायला खणखणीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सगळं एका प्रश्नावर आहे. हे यंत्रातलं सॉफ्टवेअर म्हणजे दोन्हींची मिळून झालेली एक कृती, की शेजारी ठेवलेल्या दोन कृती?"

मग त्यांनी नीट फोड करून सांगितलं. एखाद्या अंकात दहा जणांचे लेख असतात. प्रत्येक लेख आपल्या जागी पुरा, त्याचा हक्क ज्याचा त्याला. संपादकाचा हक्क फक्त निवडीवर आणि मांडणीवर. कायदा त्याला संकलित कृती म्हणतो. पण मी तुमची कथा घेतली, तिच्यात माझे प्रसंग घातले, तिचं नाटक केलं, तर ते तुमच्या कामावर उभं राहिलेलं काम. तुमचं त्यातून वेगळं काढता येत नाही. कंपनीचा प्रोग्राम असा ह्यांच्या कामावर उभा असेल, त्यात मिसळून एक झाला असेल, तर लायसन्सची अट सगळ्याला लागते. मग एक तर त्यांनी आपला भाग उघडा करायचा, नाहीतर आपल्याशी बोलणी करायची. आणि बोलणी झाली तर आपण एकच मागायचं: ताईंच्या आवाजाचं कुलूप.

मला चटकन समजलं. समजायला काय, आयुष्य स्मरणिका बांधण्यात गेलं माझं. अध्यक्षांचं मनोगत, खजिनदारांची कविता, मिठाच्या कंपनीची जाहिरात, सगळं मी एका दोऱ्यात शिवते. म्हणून कविता काही मिठाची होत नाही. उद्या दोरा कापला तर प्रत्येक पान आपापल्या घरी. समजलं, आणि मी ह्यांच्याकडे बघितलं. कारण मला ती खिडकी आठवली.

बाहेर पडल्यावर मी ह्यांना म्हटलं, "कोर्टात तुम्ही एवढंच सांगायचं, की दोन्ही एकच आहे. एकाशिवाय दुसरं चालत नाही."

"चालतं पण," हे म्हणाले.

"माहितीये चालतं! पण कशाला सांगायचं?"

माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी ह्यांच्या भातावर पातेलंभर रस्सा ओतला.

कंपनीने बोलणी नाकारली, आम्ही दावा लावला. सुनावणीला ताई आल्या होत्या. माझ्या शेजारी बसल्या, मांडीवर यंत्र. वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं, विचारतील त्याचं हो किंवा नाही, पुढे एक शब्द नको. कंपनीचे वकील वयस्कर, गोड बोलणारे. वाघासारखा माणूस परवडला, पण गोड बोलणारा वकील नको.

"तुमचा प्रोग्राम चालायला आमच्या अशिलांचा प्रोग्राम लागतो का?"

"नाही."

इथवर ठीक. मग ते गृहस्थ अगदी जिव्हाळ्याने म्हणाले, "मला यातलं फार कळत नाही. ही खिडकी म्हणतात ती नेमकी कशी काम करते?"

झालं! इतक्या वर्षांत कुणीही, मीसुद्धा, ह्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. माणूस खुलला. हातवारे करून सांगायला लागला. दोन्हींची जागा कशी वेगळी, एक कोसळला तरी दुसऱ्याला कशी झळ लागत नाही, खिडकीच्या अलीकडे कुणाचाही दुसरा आवाज आणून बसवला तरी आत कसं कळत नाही. "कशालाच कशाचा स्पर्श नाही," हे म्हणाले, आणि ते म्हणताना चेहऱ्यावर काय तेज! मी पर्सचा पट्टा पिळत बसले होते. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"सुंदर," ते वकील म्हणाले. "आणि ही खिडकी केली कुणी?"

"मी."

"या बाईंच्या यंत्रात जुनी आवृत्ती होती, जिच्यात दोन्ही एकत्र होतं. ती काढून ही खिडकीवाली कुणी घातली?"

तेव्हा कुठे ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मी बघत होते, मला तो क्षण दिसला. हात हवेत होते, ते हळूहळू खाली आले. ह्यांनी ताईंकडे बघितलं.

"मीच," म्हणाले.

ताईंची बोटं यंत्रावर होती. त्यांनी काही टाइप केलं नाही.

निकाल लांबलचक होता, पण मुद्दा वकीलबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलेलाच. एका यंत्रात ठेवलेल्या दोन स्वतंत्र कृती. एकत्र पोचवल्या म्हणून एक होत नाहीत. कंपनीच्या कृतीला अट लागू नाही. जुन्या आवृत्तीबद्दल हवं तर वेगळं भांडा, असं वकीलबाई म्हणाल्या, पण तिचा ताईंना काय उपयोग? त्यांच्या यंत्रात ती नव्हतीच.

घरी येताना मी त्या कंपनीतल्या पोरीला शिव्या घातल्या. म्हटलं, तिने मुद्दाम वेगळं करून घेतलं तुमच्याकडून, त्यांच्या वकिलांनीच सांगितलं असणार. हे म्हणाले, "नाही गं. तिचा प्रश्न खरा होता. कोसळत होतंच ते."

"आणि निकाल? तोही खराच असेल!"

ह्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बरोबर आहे निकाल. मी न्यायाधीश असतो तर हाच दिला असता. माझ्या शेजारी ठेवलं म्हणून दुसऱ्याचं काम उघडायला लावायचं, हे मी लायसन्स निवडलं तेव्हाही मला पटत नव्हतं."

काय करावं अशा माणसाचं? मला वाटलं, ओरडावं, हलवावं त्यांना दोन्ही खांदे धरून. ओरडले नाही. घरी आलो, मी भात वाढला, भाजी वाढली. हे ताटाकडे बघत बसले आणि हळूच म्हणाले, "भाजीला वेगळी वाटी देतेस?" त्या दिवशीसुद्धा! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, रागाचं की कशाचं देव जाणे. उठून वाटी दिली.

बंद व्हायच्या आधीच्या रविवारी ताईंचा फोन आला. जेवलास का, गुडघा कसा आहे, शेजारच्यांनी भिंत रंगवली, असलंच सगळं. मी ह्यांना खुणा करत होते: विचारा, विचारा. निकालापासून हे एकाच गोष्टीने पोखरले जात होते, ताई आपल्यावर रागावली असेल. रात्री कूस बदलायचे तेव्हा मला कळायचं. पण फोनवर मूग गिळून बसले. "ठेवते रे," ताईंचा आवाज म्हणाला, आणि फोन ठेवला गेला. तेवढंच.

पुढच्या आठवड्यात कुलूप लागलं. हे ताईंकडे गेले होते. ह्यांचा प्रोग्राम ठणठणीत चालू होता म्हणे. ताई टाइप करत होत्या, खिडकीतून खुणा बाहेर येत होत्या, एकही चूक नाही, आणि पलीकडे घेणारं कुणी नव्हतं. ह्यांनी एक फुकटचा आवाज आणून जोडला, कुणाचाच नसलेला, डब्यातून आल्यासारखा. ताईंनी त्यावर एक वाक्य ऐकलं आणि बटण दाबून बंद केला. पुन्हा लावू दिला नाही. कामाचं काही असलं तर मेसेज करतात आता.

पण रविवारचा फोन त्यांनी सोडला नाही. यंत्र समोर घेऊन बसतात, सवयीने. आवाज येत नाही, नुसती बटणं वाजलेली ऐकू येतात. हे इकडून दोन-चार वाक्यं बोलतात, मग ऐकतात, मग म्हणतात, "बरं ताई." मी सांगितलं, अहो बास करा हा खेळ, तर दाराकडे गेले फोन घेऊन.

गेल्या रविवारी दारात उभे होते, माझ्याकडे पाठ. मला वाटलं नेहमीचंच चाललंय. तेवढ्यात म्हणाले, "ताई, तू माझ्यावर रागावलीयस का?"

मी हातातलं काम थांबवलं. दुकान इतकं शांत होतं, की फोनमधली टकटक मला इथवर ऐकू येत होती. टकटक, टकटक, थांबून पुन्हा टकटक. किती तरी वेळ. मग थांबली. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं. विचारून गेले.

"खूप वेळ टाइप करत होती," हे म्हणाले.

"मेसेज करून विचारा ना. लिहून पाठवतील की."

"नको," ते म्हणाले, आणि फोन त्याच्या जागेवर ठेवून मागच्या खोलीत गेले.